हिमगाभ्यात समुद्रबर्फ शोधायचा, तर आधी दुतोंड्या मारुती आठव

नाशिकला गोदावरीला पूर आला की आपण आकडा विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला, ते विचारतो. हिमगाभ्याचं, म्हणजे साठलेल्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दांड्याचं, काम तसंच आहे. समुद्रबर्फ वितळून जातो. खूण राहते ती जमिनीवरच्या बर्फात.

खुणा मुख्यतः दोन. एक मिथेनसल्फॉनिक आम्ल: बर्फाच्या काठावर शैवाल फुलतं, त्याचा वायू हवेत जाऊन हे आम्ल बनतं आणि हिमासोबत खाली बसतं. दुसरी सोडियम. हे मीठ फक्त खुल्या समुद्रातून येतं असं धरू नकोस. समुद्रबर्फावरचं खारं हिम वाऱ्याने उडूनही येतं. अशा मिठात सोडियमच्या मानाने सल्फेट कमी असतं, त्यावरून ते ओळखू येतं.

पूर्व अंटार्क्टिकातल्या लॉ डोम या बर्फाच्या घुमटाच्या गाभ्यातल्या आम्लावरून २००३ मध्ये त्या भागातला समुद्रबर्फ १९५० नंतर सुमारे २० टक्के घटल्याचं मांडलं गेलं. वाचून तू हरखशील, मीही हरखलो होतो. पण आम्ल जास्त तर समुद्रबर्फ जास्त, हाच नियम सगळीकडे लावू नकोस! वेडेल समुद्राच्या बाजूला नातं उलटं निघालं, कारण तिथे वारा आम्ल कुठे नेतो हेच निर्णायक ठरतं. शिवाय अंटार्क्टिकाच्या आतल्या भागातल्या व्होस्टोकसारख्या कमी हिमवृष्टीच्या जागी हे आम्ल साठल्यावरही उडून जातं.

म्हणून कुठलाही आलेख हाती आला की आधी तिथली हिमवृष्टी आणि वारा बघ. उपग्रहांची सलग नोंद १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनची आहे, तिच्याशी ताळा जुळतो का ते मग तपास.