मधुमेहात पायांना शेक आणि डाग

प्रश्न : माझ्या आईला 15 वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायांना मुंग्या येतात व रात्री पाय गार पडतात, म्हणून ती तापवलेल्या विटेचा शेक घेते. टाचदुखीवर आता गावातील जाणत्याकडून डाग (तापवलेल्या लोखंडाचा चटका) घ्यावा, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. त्याने अपाय होईल का? – एक वाचक, जिल्हा सांगली

उत्तर : होय, आणि तो पाय गमावण्याइतका गंभीर होऊ शकतो. डाग मुळीच देऊ नये. विटेचा शेकही आजच थांबवावा.

दीर्घ मधुमेहात मुंग्या येणे हे बहुधा मज्जातंतूंना इजा झाल्याचे लक्षण असते आणि अशा पायाला चटका कळत नाही. आपण वीट जास्त तापलेली वाटताच पाय मागे घेतो. आईंचा पाय मात्र तिथेच राहतो, आणि सकाळी फोड फुटून चादर ओली झालेली दिसते तेव्हा भाजल्याचे ध्यानात येते. सुमारे 60 अंश सेल्सिअसला त्वचा काही सेकंदांत खोल भाजते. पण 44 अंशांची सोसवणारी ऊबही तासन्‌तास लागून राहिली तरी भाजतेच. म्हणून गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणेही घातक आहे.

साखर वाढलेली असताना पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद घटते, आणि रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर प्रतिजैविकेही जखमेपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. डागाची जखम खोल असते. तिच्यावर राख किंवा शेण लावले गेले तर धनुर्वाताचाही धोका. टाचेतला संसर्ग हाडात उतरतो, पू तळपायातून वर सरकतो, आणि जंतुदोष रक्तात भिनल्यास प्राणावर बेतते. दुखत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, हे मला सर्वांत चिंतेचे वाटते.

आईंचे तळवे व बोटांच्या बेचक्या आजच उजेडात नीट पाहा. ताजे भाजले असेल तर 20 मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे, फोड फोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लाली पसरणे, दुर्गंधी, कातडी काळी पडणे, ताप किंवा साखर एकाएकी वाढणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

गार पायांसाठी सैल लोकरी मोजे पुरेत. टाचदुखीकरिता मऊ तळाची पादत्राणे आणि पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करावेत; त्याच भेटीत पायाची संवेदना नायलॉनच्या धाग्याने तपासून घ्यावी आणि घोट्याजवळची नाडीही पाहून घ्यावी. आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांपैकी एखाद्याला त्या वेळी सोबत न्यावे.