सोलापूरसारख्या शहरात गच्चीवरून, टेलिस्कोप नसताना, रूपविकारी तारे, म्हणजे तेज कमीजास्त होणारे तारे, बघता येतात का? की आधी टेलिस्कोप घ्यावा?

येतात की! आणि टेलिस्कोप आत्ता अजिबात घेऊ नका. मी होटगी रोडला राहतो, रस्त्याचे एलईडी थेट डोळ्यात येतात, तरी माझ्या वहीतल्या बहुतेक नोंदी नुसत्या डोळ्यांच्याच आहेत. उजेडानं अंधुक तारे जातात हे खरंय, पण आपल्याला फक्त शेजारच्या ताऱ्यापेक्षा हा कमी का जास्त एवढंच ठरवायचंय, आणि उजेडाचा त्रास दोघांनाही सारखाच. फार खुपत असेल तर डोक्यावरून चादर ओढून घ्यायची, सोलापूरच्या माणसाला चादरीचं काय सांगायचं.

सुरुवात अल्गॉलपासून करा. ययाति तारकासमूहात आहे, गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत जेवण उरकून वर गेलात की शर्मिष्ठेचा एम आणि कृत्तिकेचा पुंजका यांच्या साधारण मधे सापडतो. अल्गॉल म्हणजे खरं तर एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, आणि त्यातला मंद तारा पुढे आला की तेज २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतं (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; आकडा मोठा म्हणजे तारा मंद, हे उलटं गणित एकदा डोक्यात बसवा). उतरायला पाचेक तास, चढायला पाचेक तास. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हाच खेळ, म्हणजे आज रात्री १२ ला सगळ्यात मंद झाला तर तीन दिवसांनी पावणेनऊच्या सुमाराला होणार, जेवणाआधीच. १७८३ साली जॉन गुडरिक नावाच्या १८ वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या पोरानं हा कालावधी काढला, आणि काहीतरी आडवं येत असावं हेही सुचवलं.

मोजायचं कसं? देवयानीतला गॅमा २.१ चा, ययातीतला एप्सिलॉन २.९ चा. अल्गॉल दोघांच्या बरोबर मधे वाटला तर २.५ लिहा, एप्सिलॉनकडे झुकला तर २.७, बास. पण जवळच असलेला ययातीतलाच ऱ्हो तुलनेला घेऊ नका, तो स्वतःच बदलतो, नवीन लोक हमखास तिथे फसतात. आणि आज अल्गॉलचं ग्रहण आहे, म्हणजे मंद तारा पुढे येणार आहे, हे माहीत असलं की डोळे आपोआप मंद बघायला लागतात, म्हणून मी तर वेळापत्रक नंतर उघडतो.

मृगातला काक्षी (इंग्रजीत बेटेलज्यूज) पण घ्या, पण तो तांबडा, त्यामुळे टक लावून बसलात की उगाच तेजस्वी वाटायला लागतो, चटकन बघून नजर हलवायची. रोहिणी ०.९ ची, प्रश्वा ०.४ चा, यांच्याशी तुलना करा, तीही तिघं साधारण एकाच उंचीवर असताना. फेब्रुवारी २०२० मध्ये हा १.६ पर्यंत उतरला होता, त्यानंच सोडलेली धूळ आडवी आली म्हणतात, आणि ते कुणालाही गच्चीवरून कळण्यासारखं होतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे निम्मं गाव गच्चीवर झोपतं, पण तेव्हा अल्गॉल नसतो. पहाटे जाग आली तर गरुडातला इटा बघा, सात दिवसांत ३.५ ते ४.४ असा खालीवर होतो, शहरात मात्र त्याला बायनॉक्युलर लागेल.

नोंदीत तारीख, वेळ, अंदाज आणि कोणते तारे वापरले एवढं पाहिजे. एएव्हीएसओ ही अमेरिकेतली संस्था १९११ पासून अशा नोंदी गोळा करते, नकाशे फुकट मिळतात, फक्त त्यावर दशांशचिन्ह नसतं, २९ म्हणजे २.९. वेळ पाठवताना आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. आणि हौशी माणसाच्या नोंदींना कोण विचारतंय असं वाटत असेल तर राधागोविंद चंद्र यांच्याबद्दल वाचा, जेसोरच्या (आता बांगलादेशात) ट्रेझरीत नोकरी करून त्यांनी या संस्थेला ३७ हजारांवर नोंदी पाठवल्या.

पैसे साठलेच तर १० बाय ५० चं (दहापट मोठं दाखवणारं, ५० मिलिमीटर भिंगाचं) बायनॉक्युलर घ्या आणि अमावास्येच्या आसपास नान्नजच्या बाजूला कुणाचं शेत असेल तर तिकडे जा.