मोफत पेपर वाचताना

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या लायब्ररीत जर्नलं येत नाहीत, तर सगळ्यांना खुले असलेले पेपर वाचून चालेल का, असं विचारलंयस. चालेल काय, धावेल! फक्त ‘मोफत वाचता येतं’ आणि ‘तपासून झालंय’ या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.

सुरुवात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदपासून कर. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपलेली पल्सारची (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या, गरगरणाऱ्या मृत ताऱ्यांची) निरीक्षणं युरोपीय गटाच्या निरीक्षणांना जोडून जून २०२३मध्ये एक पेपर जाहीर झाला. विषय अतिशय मंद, नॅनोहर्ट्झ कंप्रतेच्या गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळातल्या तरंगांचा. आर्काइव्हवर (arXiv, पेपर परीक्षणाआधीच मोफत टाकायची वेबसाइट) तो सहज मिळेल. बातम्यांत ‘विश्वाची गुणगुण ऐकू आली’ वगैरे होतं. तू सारांश वाच. युरोपीय गटाची २४.७ वर्षांची सगळी निरीक्षणं घेतली तर पुरावा जेमतेम, फसवा संकेत असण्याची शक्यता ४ टक्के. त्यातली अलीकडची १०.३ वर्षंच घेतली तर ती ०.१ टक्क्यावर येते. म्हणजे माहिती जास्त आणि पुरावा कमी! जुन्या उपकरणांचा आणि ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या वायूमुळे येणारा गोंगाट हे यातले संशयित. लेखकांनी कमकुवत आकडा आधी लिहिलाय, मग भक्कम. मला तर त्या पेपरात हेच सगळ्यात आवडलं. (हे ४ टक्के म्हणजे लहरी नसतानाही निव्वळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता, ‘दावा चुकीचा असण्याची शक्यता’ नव्हे. तोंडी परीक्षेत निम्मा वर्ग इथेच अडखळतो.)

त्याच वर्षी जुलैत आर्काइव्हवरच कोरियातल्या गटाचा एलके-९९चा दावा आला: साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला अतिवाहकता, म्हणजे वीज शून्य रोधाने वाहणं. एकाही परीक्षकाच्या नजरेखालून न गेलेला पेपर, आणि तरंगणाऱ्या खड्यांचे व्हिडिओ घरोघरी. काही आठवड्यांतच दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ बनवून पाहिला. अतिवाहकता सापडली नाही. रोध एकदम घटतो तो कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे, हेही उलगडलं. ही खंडनंही तितकीच खुली आहेत, पण ती कोणी फॉरवर्ड करत नाही. म्हणून कुठलाही प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच जाहीर केलेला पेपर) वाचलास की त्याच्यावर नंतर कोणी काय लिहिलं, ते शोधल्याशिवाय उठू नकोस.

विषयाबाहेरचंही थोडं वाच. दक्षिण आफ्रिकेतल्या गुहेत होमो नालेदींनी (माणसाच्या एका नामशेष भाऊबंद प्रजातीने) आपले मृत पुरले होते, हा दावा २०२३मध्ये ‘ईलाइफ’ या खुल्या जर्नलने परीक्षकांच्या शेऱ्यांसकट प्रसिद्ध केला. त्या वेळचे शेरे चांगलेच कडक होते. आधी पेपर वाचून तुझ्या शंका वहीत लिही, मगच शेरे उघड. परीक्षकांना दिसलेलं तुला किती दिसलं, ते कळेल. पेपर वाचायला शिकण्याचा याहून स्वस्त क्लास मला माहीत नाही.

आता तुझ्या स्वतःच्या पेपरचं. खुल्या जर्नलांत वाचकाला पैसे पडत नाहीत, पण पुष्कळदा लेखकाकडून फी घेतात. फी घेणारा प्रत्येक जण लबाड नसतो. नावाजलेली जर्नलंही घेतात. पण ‘चार दिवसांत छापून देतो’ अशी मेल आली, तर संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची नावं त्यांच्या विद्यापीठांच्या पानावर शोध, त्या जर्नलातले जुने दोन पेपर वाच, आणि मला दाखवल्याशिवाय एक रुपयाही भरू नकोस.

तुझे सर