गोवा 36 तासांत घेतला, मग बाकीचं का नाही? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार सर. मागच्या महिन्यात आम्ही मित्रमंडळी गोव्याला गेलो होतो, येताना गाडीत जोरदार वाद झाला. माझं म्हणणं असं की नेहरूंनी 14 वर्षं नुसती पत्रं लिहिली आणि लष्कराने 36 तासांत विषय संपवला, मग पाकव्याप्त काश्मीरचं पण तसंच करून टाका ना, चर्चा कशाला करत बसायचं? मित्र म्हणतो तू गप बस, तुला काय कळतंय. तुम्हीच सांगा कोण बरोबर.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अर्धे तुम्ही बरोबर आहात, ते आधी सांगतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्याशी बोलून काही होणार नव्हतं. त्याने 1951 मध्ये घटनाच बदलली, वसाहत हा शब्द काढून 'सागरापलीकडचा प्रांत' असं केलं, म्हणजे गोवा आमचाच, बोलायचं कशाबद्दल? 1953 ला आपण लिस्बनमधली वकिलात बंद केली. मग नाकेबंदी केली, रेल्वे बंद, माल बंद, तर तिकडे बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून यायला लागलं, वर लोहखनिजाच्या निर्यातीमुळे पैसा खुळखुळत होता तो वेगळाच. (आमची सावंतवाडीची आत्या हसायची, म्हणायची कसली नाकेबंदी, तिकडची घड्याळं आणि सोनं रात्रीच्या वाटेने इकडेच येत होतं.) 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसच्या वर माणसं गेली, आणि त्यानंतर नेहरूंनी सत्याग्रहच थांबवायला लावला. तो राग महाराष्ट्रातल्या जुन्या लोकांच्या मनात कायम राहिला आणि माझ्या मते तो रास्तच आहे, पुढची सहा वर्षं उगाच गेली.

आता मित्राची बाजू. ते 36 तास आपल्याला इतके स्वस्तात का पडले? एक तर समोर कोण होतं ते बघा, तीन-साडेतीन हजार सैनिक, लढाऊ विमान एकही नाही, बंदरात एक जुनाट युद्धनौका. शेवटच्या माणसापर्यंत लढा असा लिस्बनचा हुकूम होता, पण गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांनी बाणस्तारीसारखे पूल उडवून थोडा वेळ काढला आणि 19 डिसेंबर 1961 च्या रात्री सरळ शरणागतीवर सही केली. माणसं वाचवली म्हणून त्यांना नंतर सैन्यातून काढून टाकलं, असो.

दुसरं म्हणजे न्यूयॉर्क, म्हणजे तिथली संयुक्त राष्ट्रं. फौज आत शिरली आणि 18 तारखेलाच सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने भारताने मागे फिरावं असा ठराव आणला. 7 मतं बाजूने, 4 विरोधात, आणि तो पडला रशियाच्या व्हेटोमुळे (म्हणजे नकाराधिकार). बाकीची तीन विरोधी मतं सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि इजिप्तची (तेव्हा त्याचं नाव संयुक्त अरब प्रजासत्ताक). ही मतं काय आदल्या रात्री फोन करून मिळतात का? वर्षभर आधीच, डिसेंबर 1960 मध्ये, महासभेने गोवा ही वसाहतच आहे असं ठरावात लिहून ठेवलं होतं, त्यामुळे 'आमचा प्रांत' हे सालाझारचं पालुपद कुणी ऐकेना. नेहरूंची ती पत्रं इथे कामी आली.

काश्मीरचं म्हणाल तर तिथे समोर पोर्तुगाल नाही, पूर्ण सैन्य आणि 1998 पासून उघड अणुबॉम्ब असलेला देश आहे. आणि जमीन घेतली म्हणजे राहतेच असंही नाही. 1965 ला आपल्या जवानांनी पाकव्याप्त काश्मीरमधली हाजी पीर खिंड जिंकली, जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदच्या करारात ती पाकिस्तानला परत दिली. 1971 ला लडाखमधलं तुर्तुक घेतलं, ते मात्र सिमला करारानंतर आपल्याकडेच राहिलं, आज तिथे पर्यटक जर्दाळू खायला जातात. दोन्हीकडे जवान जीवावर उदार होऊनच लढले, फरक पडला तो टेबलावर. तेव्हा पुढच्या ट्रिपला मित्राला चहा तुम्ही पाजा.

प्रश्न : आजोबा सांगायचे, आमच्या सांगलीचे मोहन रानडे गोवा स्वतंत्र झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. हे खरंय का?
– तेच वाचक

उत्तर : अगदी खरं. गोव्यासाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे रानडे 1955 ला पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, शिक्षा झाली 26 वर्षांची, आणि त्यांना पोर्तुगालला नेऊन ठेवलं. डिसेंबर 1961 मध्ये पणजीवर तिरंगा लागला तेव्हा हा माणूस लिस्बनजवळच्या तुरुंगात होता, आणि तिथे आपली फौज थोडीच जाणार. गंमत बघा, आपल्या ताब्यातले तीनेक हजार पोर्तुगीज युद्धकैदी मे 1962 पर्यंत घरी गेले, रानडे तिथेच. पुढे तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडे शब्द टाकला, इतरांनीही खटपटी केल्या, आणि जानेवारी 1969 ला ते सुटले. पोर्तुगालने गोव्यावर भारताचं सार्वभौमत्व कागदावर मान्य केलं ते तर त्याच्याही नंतर, तिकडची हुकूमशाही पडल्यावर, 31 डिसेंबर 1974 ला.