बिल थकलंय? मग उद्यम नोंदणी बाहेर काढा

प्रश्न : ताई, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंगचं मशीनिंग करून एका मोठ्या कंपनीला देतो. ‘मेक इन इंडिया’, पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं सरकारी प्रोत्साहन अनुदान) हे रोज कानावर पडतं. त्यातलं आमच्या वाट्याला काय येतं? आमचं बिल तर चार-चार महिने निघत नाही. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आहे, पण तिचा उपयोग कळत नाही.

उत्तर : पीएलआयचा विचार सोडा. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या वाहन उद्योगाच्या पीएलआयमध्ये सुटे भाग करणाऱ्या जुन्या कंपनीला ५०० कोटींची उलाढाल दाखवायची होती. ती योजना तुमच्या मापाची नाहीच.

तुमच्या कामाचा आहे तो सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा. इतकी वर्षं उद्यमनगरातल्या वर्कशॉपचे हिशेब बघताना मला हेच दिसलं, की छोटा कारखाना ऑर्डर नाही म्हणून क्वचित बसतो; उधारीत पैसा अडकला की बसतो. या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ‘९० दिवस’ छापलं असलं तरी ४५ च्या पुढे ते चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. म्हणून मालासोबतचं डिलिव्हरी चलन नीट बघा. माल उतरवून घेताना गेटवर मारलेल्या शिक्क्यात तारीख उमटली नसेल, तर ड्रायव्हरने तिथल्या तिथे पेनाने घालून सही घ्यावी. माल पोचल्यावर १५ दिवसांत त्यांनी लेखी तक्रार केली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असं कायदा धरतो. चार महिन्यांनी फोनवर ‘रिजेक्शन आहे’ म्हणणाऱ्याला हेच उत्तर.

आता वसुली. तुम्ही परचेसवाल्याच्या मागे लागत असणार. त्यापेक्षा फेब्रुवारीत अकाउंट्स विभागाला पत्र द्या : उद्यम क्रमांक, थकीत बिलांची यादी, प्रत्येकाची मुदत कधी संपली. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आली, की मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंत दिलं नाही तर त्या वर्षी कंपनीला तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. त्यावर कर भरायची वेळ येते, म्हणून त्यांचा सीएच मग परचेसवाल्याला गाठतो. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापून घ्या. प्रमाणपत्रावर ‘उत्पादन’ आहे ना, तेही तपासा. नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही.

एवढ्यानेही नाही निघालं, तर सुविधा परिषदेकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या राज्यातल्या परिषदेकडे, ऑनलाइन अर्ज करा. कंपनी चेन्नईची असली तरी प्रकरण तुमच्या राज्यातल्या परिषदेपुढे चालतं. निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला आणि तिला कोर्टात जायचं असेल, तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात.

ऑर्डर जाईल ही भीती खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. एकाच गिऱ्हाइकावर सगळं काम असेल तर आधी दुसरं गिऱ्हाईक धरा आणि मगच परिषदेकडे जा. पत्र मात्र याच फेब्रुवारीत द्या. आणि ‘उद्यम नोंदणी काढून टाका, तरच काम देतो’ असं कुणी म्हणालं, तर काढू नका.