भिंत रंगवण्याआधी कागद रंगवा

भिंतीवर काढायच्या चित्राचा आराखडा छान झालाय, पण आधी ती भिंत कोणाची ते शोधा. मुंबईत उड्डाणपुलाचा खांब पालिकेचा, एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) किंवा रस्ते विकास महामंडळाचाही असू शकतो; रुळालगतची भिंत बहुधा रेल्वेची. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. खासगी सोसायटी असेल तर लेटरहेडवर ना-हरकत घ्या, तोंडी ‘करा की’ चालत नाही. परवानगीशिवाय रंगवलं तर मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 अंगाशी येऊ शकतो, चित्र कितीही सुंदर असो.

भिंत पालिकेची असेल तर तिच्या विभाग (वॉर्ड) कार्यालयात अर्जासोबत एवढं द्या:
- भिंतीचा फोटो, लांबी-उंची फुटांत
- रंगीत आराखडा, त्यातला मजकूर अक्षरन् अक्षर
- परांची किती दिवस, फुटपाथ किती अडणार

आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नवखे हमखास फसतात ते प्रायोजकामुळे. कोपऱ्यात वीतभर लोगो आला की चित्राची जाहिरात होते. मग पालिकेचं अनुज्ञापन (लायसन्स) खातं, शुल्क, वेगळा परवाना. वास्तू वारसा यादीत आहे का, तेही आधीच विचारा. मंजुरीनंतर आराखडा बदलू नका, बदललाच तर लेखी कळवा. निवडणूक आचारसंहितेत राजकीय चेहरा, चिन्ह नकोच.

चित्रावर वॉर्निश कुठलं मारायचं, ते परवानगी हातात आल्यावर बघू.