व्हर्च्युअल मेमरी १६ जीबी केली तर ४ जीबीची रॅम २० जीबी होते का?

नाही. रॅम ४ची ४च राहते. विंडोजच्या सेटिंगमधल्या खिडकीत तुम्ही जो आकडा भरता, तो डिस्कवरच्या पेजफाइलचा असतो. रॅममध्ये मावत नाही ते ठेवायची जागा. खिडकीवर नाव मात्र व्हर्च्युअल मेमरी, म्हणून अनेकांचा असाच समज होतो.

व्हर्च्युअल मेमरी ही मुळात पत्त्यांची व्यवस्था आहे. मी लातूरला मोंढ्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, म्हणून वखारीचंच सांगतो. तुमच्या हातात पावती असते. पोती कोणत्या थप्पीत आहेत ते वखारीच्या रजिस्टरला ठाऊक. थप्पी हलली तरी पावती तीच. प्रोग्रामकडेही फक्त पावतीच असते, म्हणजे व्हर्च्युअल पत्ता. रजिस्टर म्हणजे पेज टेबल, आणि ते बघून रॅममधली खरी जागा काढतो प्रोसेसरमधला एमएमयू (मेमरी मॅनेजमेंट युनिट). हिशेब बहुतेक ४ केबीच्या पानांत, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत चालतो. प्रत्येक प्रोग्रामचं रजिस्टर वेगळं, त्यामुळे एकाचा हात दुसऱ्याच्या मालाला लागत नाही. मला तर हाच यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पेजफाइल बंद केली तरी ही व्यवस्था चालूच असते.

रॅम भरत आली की बऱ्याच वेळात न लागलेली पानं विंडोज डिस्कवर नेऊन ठेवते. त्यातलं एखादं लागलं की पेज फॉल्ट होतो, म्हणजे पान रॅममध्ये सापडत नाही, आणि पान परत येईपर्यंत तो प्रोग्राम थांबतो. रॅमला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कला ५ ते १० मिलिसेकंद. म्हणजे ५० हजार ते १ लाख पट!

सोयाबीनच्या आवकेत एका आडत दुकानातून बोलावणं आलं. मशीन ४ जीबीचं, पेजफाइल कुणीतरी २० जीबी करून ठेवलेली. मुनीमजींनी शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीची प्रिंट दिली की खिडकी पांढरी पडायची, डिस्कचा दिवा विझायचाच नाही, आणि पट्टीसाठी शेतकरी दारात ताटकळत उभे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. मोठ्या पेजफाइलमुळे प्रोग्राम बंद पडत नव्हता एवढंच. कामाला वेग नव्हता. ८ जीबी रॅमची पट्टी बसवली आणि प्रिंट लगेच यायला लागली.

तुम्ही पेजफाइलचा आकार विंडोजवरच सोडा, शून्य करू नका. नेहमीचं काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. ती सतत ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅमच घ्या. तिथेच रॅम बसवायचे किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं; दोनपैकी एक रिकामा असेल तर जुनी पट्टी न काढता नवी बसवता येईल.